जड मराठी

पानिपतच्या वाटेवर मुरथलचे ढाबे मागे पडले आणि गाडीतली शांतता फारच वाढली म्हणून प्रतीकने विषय काढला. विषय जुनाच होता, बरेच दिवस फोनवर चाललेला; पण आज मागच्या सीटवर मृणाल बसली होती, म्हणून त्याने नेहमीची भाषा घेतली. "कन्येसंबंधी उभयतांत जे ठरलं आहे," समोरच्या ट्रकवरची नजर न काढता तो म्हणाला, "ते लेखी असावं, असं माझं मत आहे. उद्या प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, तर तिचा… तिचा तो… काय म्हणतात त्याला…" स्टिअरिंगवरचा एक हात उचलून तो हवेत बोटं चाळवत राहिला. शेजारी बसलेली स्वरूपाही तो शब्द आठवू लागली. अगदी जिभेवर होता, येत नव्हता.

"ताबा," मागून मृणाल म्हणाली.

ती खिडकीबाहेर बघत होती. एका कानात इअरफोन होता, दुसरा गळ्याशी लोंबत होता. आवाजात खोडसाळपणा नव्हता, रागही नव्हता. कोणी चष्मा शोधत असावं आणि आपल्याला तो टेबलावर दिसत असावा, तेव्हा आपण जसं सांगतो तसं तिने सांगितलं. प्रतीकने 'हं' केलं, म्हणजे शब्द मिळाल्याबद्दल जवळजवळ आभारच मानले, आणि मग तो कोणी दिला हे त्याच्या लक्षात आलं. त्याने एसी वाढवला. "पानी चाहिए, बेटा?" त्याने विचारलं. "नको," मृणाल म्हणाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गहू पिकून उभा होता, कुठे कुठे कापणीही सुरू झाली होती, आणि आपण मांडीवरची फाइल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली आहे, हे स्वरूपाला जाणवलं. फाइलमध्ये मृणालचा शाळा सोडल्याचा दाखला होता. मूल एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात, त्यातून दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर दाखल्यावर शिक्षण खात्याची प्रतिस्वाक्षरी लागते, हे तिला आधीच ठाऊक होतं आणि ती सही तिने एका दुपारच्या सुट्टीत जाऊन आणली होती. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेल्या बाईला एवढं तर यायलाच हवं. दाखला, शिक्का, फोटो, पत्त्याचा पुरावा, सगळं जागच्या जागी होतं.

जड मराठी हे नाव प्रतीकने दिलं होतं. तेव्हा ते दिल्लीत मयूर विहारला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत आणि मृणाल नुकती बोलायला लागली होती. आइस्क्रीम, पार्क, इंजेक्शन हे शब्द तिच्यासमोर काढायची सोय राहिली नव्हती. एखादा कानावर पडला की घर डोक्यावर घेई. इंग्रजीत बोलावं तर ते प्लेस्कूलने शिकवून टाकलेलं, हिंदी तर खाली खेळणाऱ्या मुलांचीच. उरलं मराठी, आणि तेही रोजचं नाही, ठेवणीतलं. स्वरूपाचे वडील नगरच्या चर्चमध्ये उपासना चालवत. त्यांच्या तोंडून ऐकलेले शब्द तिच्याकडे पोतंभर होते. प्रतीकचे आजोबा साताऱ्याला बसून वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत. त्यांचे शब्द ह्याच्याकडे. दोघांनी आपापलं गाठोडं सोडलं. 'शीत पदार्थाचं सेवन आज नको, घशाला सूज आहे.' 'सायंकाळी उद्यानात न्यावं, पण तूर्तास वाच्यता नको.' वेगळ्या धर्मात लग्न केलं म्हणून दोन्हीकडची माणसं रुसून बसली होती, आणि ही दोघं त्याच माणसांचे शब्द वापरून पोट धरून हसत होती. आपण सुखात आहोत असं स्वरूपाला तेव्हा स्पष्ट वाटत असे. मधे मृणाल, दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघणारी. ती बघायची, हे स्वरूपाला आता आठवलं. कंटाळून खेळण्यांकडे जायची नाही. बघत बसायची.

पुढे मृणालचं मराठी आटत गेलं, म्हणजे तसं सगळे म्हणत. स्वरूपाला आर. के. पुरममध्ये सरकारी क्वार्टर मिळालं. खालच्या मजल्यावर ओडिया, वर गढवाली, समोर मल्याळी, आणि मुलांची सगळ्यांची मिळून एक हिंदी. मृणाल घरी येऊन 'आई, बहुत भूक लागली' म्हणू लागली. तिला उखळ माहीत नव्हतं, परसदार माहीत नव्हतं. पुण्याहून स्वरूपाचा भाऊ उन्मेष आला की भाचीची परीक्षा घेई. "सांग बरं, किल्मिष म्हणजे काय?" ती हसून "नहीं पता, मामा" म्हणे, आणि स्वरूपा तोंडाने "अरे, दिल्लीची मुलं, काय करणार" म्हणत आतून निर्धास्त होई. कारण तोवर जड मराठी वेगळ्याच कामाला लागलं होतं. प्रतीकची कंपनी चादरी-गालिच्यांची. त्यांनी दिल्लीतलं ऑफिस बंद करून त्याला पानिपतच्या कारखान्यावर घातलं. तो शनिवार-रविवार येऊ लागला, मग एखादा रविवार चुकू लागला. भांडण नेमकं कशाचं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. तिसरं माणूस नव्हतं, मारझोड नव्हती, व्यसन नव्हतं. एकमेकांचा कंटाळा आला होता, आणि कंटाळ्याला कारण लागत नाही. पण मृणालसमोर आवाज चढवायचा नाही, हे दोघांनीही कटाक्षाने पाळलं. जेवणाच्या टेबलावर पोळी वाढता वाढता, भाजी पुढे सरकवत, दोघं शांत स्वरात बोलत. 'आपला सहवास मला असह्य झाला आहे.' 'त्याचा दोष सर्वस्वी माझ्या माथी मारणं अन्यायाचं आहे.' इतकं शुद्ध मराठी त्या वेळी अख्ख्या दिल्लीत दुसऱ्या कुठल्या घरात बोललं जात नसेल. मधे मृणाल भात कालवत असे. एकदा तर प्रतीक म्हणाला, "आपण विलग व्हावं हेच श्रेयस्कर," आणि त्याच दमात मृणालला म्हणाला, "दही घे ना, बेटा." तिने दही घेतलं होतं.

समालखा गाव मागे गेलं. त्या भाषेची एक सोय स्वरूपाला आता नीट दिसली, आणि दिसली नसती तर बरं झालं असतं. तिच्यात काहीही बोलता येई. साध्या मराठीत जे घशातच अडकलं असतं, ते ह्या शब्दांत घरंगळत बाहेर येई, आणि बोलून झाल्यावर आपण बोललो असं वाटतच नसे; कोणी तरी जुन्या काळचं माणूस येऊन बोलून गेलं असं वाटे. जानेवारीत मृणाल तापाने फणफणली होती. संसदेतल्या एका प्रश्नाचं उत्तर संध्याकाळच्या आत जायचं होतं, स्वरूपा ऑफिसात अडकलेली, आणि मृणाल दुपारपासून घरी एकटी. शेवटी समोरच्या मल्याळी बाईंनी तिला दवाखान्यात नेलं. पुढच्या रविवारी प्रतीक आला तेव्हा टेबलावरच स्वरूपा म्हणाली, "तिला तू घेऊन जा. हे मातृत्व मला आता पेलवत नाही. मला मुक्त कर." म्हणताना तिचा आवाज कापला नव्हता. ती संत्रं सोलत होती. सोललेल्या फोडी तिने बशीत घालून मृणालपुढे ठेवल्या होत्या.

त्यातूनच सगळं ठरलं. पानिपतला प्रतीकचं घर कारखान्याच्या जवळ, तो दुपारी जेवायला घरी येतो, म्हणजे पोर एकटी राहणार नाही. केंद्र सरकारच्या शाळेत सातवीला जागा नव्हती, पण घरापासून चालत जाता येईल अशी राज्याची सरकारी कन्या शाळा होती. प्रतीकने थोडं नाक मुरडलं, तेव्हा स्वरूपानेच त्याला झापलं, की आपण सरकारचा पगार खायचा आणि सरकारी शाळा मात्र दुसऱ्यांच्या मुलांसाठी, हे बरं आहे. उन्मेषला फोनवर कळवलं तर तो म्हणाला, "पानिपत? ताई, आपल्या लोकांना तिकडे पाठवायचा अनुभव काही फारसा बरा नाही," आणि दोघं हसले. मृणालला सांगितलं ते असं: आईचे दौरे वाढलेत, एका वर्षाचा प्रश्न आहे, मग बघू. विलग होण्याबद्दल एक अक्षर नाही. मृणाल "ओके" म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की स्वरूपाला किंचित रागच आला. मैत्रिणी, खो-खोची टीम, आपली खोली, सगळं सोडायला पोरगी अशी एका शब्दात तयार? मुलं किती लवकर जुळवून घेतात, असं तिने ऑफिसात डबा खाताना सांगितलंही होतं. आता त्या 'ओके'चा तिला धसका बसला. आईबाप वेगळे होतायत हे मृणालला समजलं असेल, तर असो; ते कधी ना कधी सांगायचंच होतं. पण तो संत्र्याचा रविवार? ते वाक्य तिला समजलं असेल तर ती पानिपतला शिकायला चाललेली नाही. आईला आपण नकोत म्हणून चालली आहे. स्वरूपाला एवढं एकच कळून घ्यायचं होतं, आणि विचारायचं कसं ते कळत नव्हतं. जड मराठी तर आता संपलंच. साध्या मराठीत विचारायचं तर ते वाक्य साध्या मराठीत तोंडातून काढावं लागलं असतं.

शाळा बाजाराच्या मागच्या गल्लीत होती. चादरींच्या गठ्ठ्यांनी लादलेली हातगाडी आडवी आली म्हणून प्रतीकने गाडी अलीकडेच लावली. मुख्याध्यापिका पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी फाइल उघडली, एकेक कागद उलटून पाहिला. "सब पूरा है जी. दिल्ली वाले तो आधे काग़ज़ लेकर आ जाते हैं," त्या म्हणाल्या, आणि सवयीने स्वरूपाला बरं वाटलं. मग आडनाव वाचून त्यांनी मान वर केली. "आप मराठे हो? इधर तो गाँव के गाँव हैं जो अपने को मराठा बताते हैं. लड़ाई के बाद जो यहीं रह गए, कहते हैं उन्हीं के हैं. पर बोली किसी को ना आती." त्या मृणालकडे वळल्या. "बेटा, कुछ सुना दे मराठी में. मैंने कभी सुनी नहीं."

आता ही 'नहीं आती, मैडम' म्हणणार, नाही तर लहानपणीचं काही तरी बडबडगीत म्हणणार, असं स्वरूपाला वाटलं. मृणाल प्रार्थनेला उभी राहावी तशी सरळ उभी राहिली. "तूर्तास तिच्यापाशी वाच्यता नको," ती म्हणाली. "योग्य वेळी तिला विश्वासात घेऊ."

"वाह," मॅडम म्हणाल्या. "कितनी मीठी बोली है. मतलब?"

"मतलब, अभी उसे मत बताना. टाइम आने पर बताएँगे."

"किसे?"

"ऐसे ही है, मैडम. घर में बोलते हैं."

मॅडम मनापासून हसल्या. प्रतीक भिंतीवरचं वेळापत्रक वाचू लागला. स्वरूपाचे कान तापले. तिला शरम वाटली, आणि त्या शरमेतच क्षणभर पोरीच्या स्वच्छ उच्चारांचा अभिमानही वाटून गेला. एकही शब्द अडखळला नव्हता. मग त्या अभिमानाचीही तिला शरम वाटली. ही मुलगी काही विसरलेली नव्हती. उन्मेषला 'नहीं पता' म्हणत ती वर्षानुवर्षं टेबलाच्या मधोमध बसून होती, आणि सगळं आत घेत होती, भाताबरोबर, दह्याबरोबर.

"बस, हो गया," मॅडमनी शिक्का मारला. "आज से ही बैठ जाए. पाठ क्यों छूटे बच्ची का."

"आज?" स्वरूपा म्हणाली. "वर्दी भी नहीं है अभी." तिने दिवसाची आखणी केली होती: तिघांनी कुठे तरी जेवायचं, मृणालला गणवेश घ्यायचा, नवी बाटली घ्यायची, आणि मग दुपारच्या गाडीने आपण दिल्लीला. निरोप त्या जेवणानंतर घ्यायचा होता. तिथे काही तरी बोलता आलं असतं. पण मॅडमनी घंटी दाबली होती आणि दारात आया येऊन उभी राहिली होती. "वर्दी आ जाएगी जी," मॅडम म्हणाल्या. प्रतीक पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेला. आया पुढे, मागे मृणाल, तिच्या मागे स्वरूपा, असे ते व्हरांड्यातून चालले. वर्गांमधून पाढ्यांचा, खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. सातवीचा वर्ग शेवटचा होता.

"मृणाल, थांब जरा."

मृणाल थांबली. आया दोन पावलं पुढे जाऊन भिंतीला टेकली.

"जानेवारीत, तुला ताप येऊन गेला त्यानंतर," स्वरूपा म्हणाली, "मी बाबांना टेबलावर काही तरी म्हटलं होतं."

"हो."

"कळलं होतं तुला?"

"हो, आई." मृणालने वर्गाच्या दाराकडे पाहिलं, मग आईकडे. "तुला मी नको, ते."

जानेवारीपासून आतापर्यंत स्वरूपाने ते वाक्य रोजच्या शब्दांत एकदाही आणलं नव्हतं, मनातसुद्धा. मृणालने केव्हाच आणून ठेवलं होतं. "असं नव्हतं म्हटलं मी," ती म्हणाली.

"पेलवत नाही म्हणालीस. मीनिंग तर तेच ना?"

त्या दिवशी मी दमले होते, ऑफिसचा ताण होता, रागात माणूस काहीही बोलतं: उत्तरं तयार होती आणि ती वाईटही नव्हती. पोरीने ती ऐकूनही घेतली असती, इतकं ऐकलं त्यात आणखी एक. पण समोर बघत, साध्या मराठीत, स्वरूपाला ती जमेनात. "त्या दिवशी ते खरं होतं," ती म्हणाली.

मृणालने मान हलवली. "मला वाटलंच. बिल्कुल खरं वाटलं होतं."

"आज नाहीये. आज मला तू हवी आहेस. आत्ता तुला घेऊन घरी जावंसं वाटतंय मला."

मृणालने ह्यावर खरोखर विचार केला. दप्तराचा पट्टा तिने खांद्यावर नीट केला. "पण आता मी इथे आले ना," ती म्हणाली. रागाने नाही, रडवेली होऊनही नाही. "आणि बाबा पण एकटे असतात, यार. रात्री फक्त मॅगी खातात." आया "चलो बेटा" म्हणाली आणि मृणाल गेली. आतून बाईंचा आवाज आला, नाव काय, कुठून आलीस, आणि मृणालने दोन्हींची उत्तरं हिंदीत दिली. मग दार लोटलं गेलं.

प्रतीक बाटली घेऊन आला तेव्हा व्हरांडा रिकामा होता. आयाने बाटली आत नेऊन दिली. फाटकाबाहेर येऊन त्याने गाडीची किल्ली काढली. "चल, स्टेशनवर सोडतो. मला कारखान्यात जायला हवं."

"तू जा. मी थांबते."

"इथे? कशाला?"

"शाळा सुटेपर्यंत."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "अशा प्रसंगी भावनावश होऊन…" त्याने सुरुवात केली.

"प्रतीक," ती म्हणाली, "नीट बोल."

तो थांबला. मग "ऊन आहे," म्हणाला, गाडीतून स्वतःची पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली आणि गेला. बिचारा, असं तिच्या मनात आलं, आणि पुष्कळ दिवसांनी त्याच्याबद्दल असं काही आलं म्हणून तिला नवल वाटलं. समोर चादरींचं दुकान होतं. दुकानदाराने कोणाला शोधताय म्हणून विचारलं, "बेटी अंदर है" एवढं ऐकल्यावर आणखी काही न विचारता बसायला स्टूल दिलं. ऑफिसमधून फोन आला, तिने उद्या बोलते म्हणून सांगितलं. दिल्लीच्या गाडीची वेळ होऊन गेली. आज ना उद्या मृणालला तोंडाने सांगायला हवं होतं ते ती मनात जुळवू लागली. मी आणि बाबा आता एका घरात राहणार नाही. तू कुठे राहायचं ते तू सांग. राहिलीस तरी मी येईन, आलीस तर मला हवंच आहे. वाक्यं फार नव्हती, आणि त्यांत मृणालला न येणारा एकही शब्द नव्हता. तरी ती पुन्हा पुन्हा अडखळत होती, जीभ नवी असल्यासारखी.

शाळा सुटली आणि मुलींचा लोंढा गल्लीत आला. मृणाल एका दोन वेण्यांच्या मुलीशी बोलत बोलत बाहेर पडली, आणि आई दिसल्यावर थबकली. ती मुलगी काही तरी विचारून पुढे गेली.

"तू गेली नाहीस?" मृणालने विचारलं.

"नाही."

"आणि ट्रेन?"

"गेली."

मृणालच्या ओठांची कड जरा हलली, आणि तिने ती चावून धरली. मग तिने दप्तर खांद्यावरून काढलं. पाचवीपासून ती त्याला कोणाला हात लावू देत नसे. "हे धर," ती म्हणाली. "सगळी बुक्स आजच दिली. बहुत जड आहे."

प्रतीकचं घर कुठल्या बाजूला आहे हे स्वरूपाला माहीत नव्हतं. ती इथे कधी आलीच नव्हती. मृणाल पुढे झाली, आणि दप्तर खांद्याला लावून स्वरूपा तिच्या मागून चालू लागली.